कधीकधी गळणारी अकरावी मात्रा

कार्लोवो,
१४ नोव्हेंबर

प्रिय झोर्नित्सा,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण द्राक्षं कधीच उतरवून झाली, मिरच्या भाजून बरण्याही भरल्या. यंदा मिरच्या जरा जळाल्या. झ्लात्का आत्या म्हणाली, "ल्युबेन, ही चटणी आहे की डांबर?" तरी दोन बरण्या घेऊन गेली.

चार वर्षांनी पत्र आलं आणि म्हातारा मिरच्यांचं पुराण लावून बसलाय, असं म्हणशील. खरं लिहायला हात धजत नाही, म्हणून मिरच्या.

तुमच्या त्या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमविषयी लिहायचंय. तू आणि जगभरातली पाचसहा माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट चालवता तो. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या नव्या संगीतशिक्षिकेने तो मला दाखवला, आणि चालवणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव दिसलं. तक्रारींचं पान सगळ्यांना उघडं असतं, कुणीही लिहावं, उत्तर येतं, हेही तिनेच सांगितलं. कुणीही म्हणजे मीसुद्धा, असं माझ्या मनात आलं.

'जुना अकॉर्डियनवाला' या नावाने लिहितो तो मीच.

माझी पहिली तक्रार आठवते? "तुमचा प्रोग्रॅम चालत नाही." बस, एवढीच. तुझं उत्तर आलं, "चालत नाही, एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही हो. काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, तेवढं सांगा. आणि एका वेळी एकच तक्रार लिहा, नाहीतर सगळा गुंता होतो." मी जन्मभर पोरांना शिकवलं, पण इतक्या समजुतीने नाही. तू मला 'तुम्ही' म्हणत होतीस, परक्याला म्हणावं तसं. मला तेही गोड लागलं.

मग मी शहाणा झालो. कोणती आवृत्ती, कोणतं बटण, आधी कुणी हेच कळवलंय का, सगळं बघून लिहायचो. सात खऱ्या चुका सापडल्या मला. दर वेळी तू लिहायचीस, "छान पकडलंत! दुरुस्त झालं." आणि तक्रार बंद. म्हणजे आपलं बोलणंही बंद. चूक दुरुस्त झाली म्हणून रडणारा माणूस तुमच्या त्या पानावर मी एकटाच असेन.

ऑगस्टपर्यंत माझ्याजवळच्या चुका संपल्या. तेव्हा मी नको ते केलं.

अकरा मात्रांच्या नाचाची चाल छापली की शेवटची मात्रा गळते, असं मी कळवलं. कधीकधी गळते, असं. हा शब्द मी मुद्दाम घातला. नेहमी होणारी चूक तुम्ही दोन दिवसांत पकडता, कधीकधी होणारीवर महिनोन्महिने बोलत राहता, हे मी जुन्या तक्रारी वाचून ओळखलं होतं. तू फोटो मागितलास, तर स्वयंपाकघरात बसून पांढऱ्या शाईने शेवटचा स्वर झाकला आणि त्या कागदाचा फोटो पाठवला. झोरे, अशी चूक नाहीच. कधीच नव्हती.

पोर्तुगालचा तो दुआर्ते पुन्हापुन्हा लिहीत होता, "माझ्याकडे होत नाही. आजोबा नीट बघतायत ना?" त्याला तू दटावलंस, "ते फार काळजीपूर्वक लिहिणारे गृहस्थ आहेत. त्यांच्यावर शंका नको." ते वाक्य मी आठवडाभर आनंदाने वाचत होतो. लाज नंतर वाटली. तुमची नवी आवृत्ती माझ्यापायी अडकली. आणि परवा तू लिहिलंस, "मला ही चूक सापडत नाही. बहुधा मुळातच माझा काही घोळ झालाय. हे काम आता दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं, मी थांबते."

थांबू नकोस. तुझा काही घोळ नाही.

आणि ही माझी पहिली खोटी तक्रार नव्हे. तुझी आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना मी म्हणालो, "हिला तो संगणक सोडवेना, म्हणून आईची शेवटची भेट झाली नाही." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू तिच्या नावाने वाढलेले पुढ्यातले गोड गहू तसेच ठेवून उठलीस आणि वार्नाची गाडी धरलीस. "घाई नको, डॉक्टर म्हणतात वेळ आहे, शुक्रवारी ये," असं फोनवर तुला कुणी सांगितलं होतं? मीच. ती बुधवारी गेली. ते मला सोसवेना, म्हणून खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. चारचौघांत तू मला खोटं पाडू शकली असतीस. पाडलं नाहीस.

काल आत्याला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "गाढवा, एवढं बोलायला चार वर्षं लागली तुला? आणि मला काय सांगतोस? तिला लिही!"

मला तुझी फार आठवण येते, पोरी. तुझ्या त्या 'दुरुस्त झालं'वर मी दोन वर्षं काढली, पण तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही, आणि त्याची भीती वाटते.

ती तक्रार बंद कर. त्या पानावर मीच खरं लिहून टाकणार होतो, पण जगाच्या आधी तुला कळायला हवं होतं. बंद करताना कारण लिहायची जागा असते ना, तिथे लिही, तक्रार खोटी होती. टोपणनाव नको, माझं खरं नाव घाल. दुआर्तेची मी माफी मागितली म्हणून सांग. यापुढे मी तिथे लिहून तुमचा वेळ खाणार नाही. तू फोन करावास असं माझं म्हणणं नाही. खोटं कशाला बोलू, आहे. पण नाही केलास तरी मी समजून घेईन.

नाव कसं घालायचं ते खाली नीट लिहून देतोय. शेवटचे दोन शब्द नको वाटले तर खोडून टाक, तो हक्क तुझा आहे.

ल्युबेन तोतेव्ह,
झोर्नित्साचे वडील