बेचाळीस घरी जेवलेल्या माणसाचं मृत्युपत्र

मी, पद्माकर गुंडूराव हंचाटे, वय वर्षे बावीस, राहणार कब्बनपेट, बेंगळूर, वडिलोपार्जित धंदा शिवणकाम, स्वतःचा धंदा सध्या काही नाही, आज शनिवार दिनांक २२ ऑगस्ट १९६४ रोजी सरकारी इस्पितळातल्या सतराव्या खाटेवर बसून माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवतो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते लवकर तापतं हे मान्य. पण तापलेलं डोकं आणि फिरलेलं डोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला कोणी धमकावलेलं नाही, भरीला घातलेलं नाही. मंगळवारी सकाळी माझ्या मूत्रपिंडातला सुपारीएवढा खडा काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "भिऊ नकोस, तीन आठवड्यांत घरी जाशील." त्या तीन आठवड्यांतच सगळा घोटाळा आहे. तो कलम पाचमध्ये येईल.

कागद, शाई आणि मृत्युपत्राचा नमुना माझा शाळेपासूनचा मित्र बसवंत याने आणून दिला. तो एका वकिलाकडे कारकून आहे. नमुन्यात स्थावर मालमत्तेसाठी दीड पान सोडलं आहे. माझं स्थावर म्हणजे हा खडाच, आणि मंगळवारनंतर तोही राहणार नाही. म्हणून ते दीड पान मी इतर गोष्टींसाठी वापरतो.

कलम १. माझी सायकल बसवंतला द्यावी. मागचा ब्रेक लागत नाही हे त्याला ठाऊक आहे. येलहंक्याच्या उतारावर त्यानेच तो घालवला.

कलम २. पोस्टात जे काही असेल ते माझी आई लक्ष्मीदेवी हिचं. तिने त्यातून माझ्या नावाने कसलंही दान करू नये, स्वतःला एक लोकरी शाल घ्यावी. आई, इथे रोज येऊन रडतेस ते बरं नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा घाबरतात. स्वल्प कॉफी घेऊन ये, रडणं घरी ठेव.

कलम ३. माझी अर्थशास्त्राची वही मी कॉलेजातल्या आमच्या प्राध्यापकांना परत करतो. तिच्यात त्यांनी सांगितलेलंच आहे, त्यामुळे त्यांना नवीन काही कळणार नाही. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला लिहून घ्यायला सांगितलं होतं, की देश गरीब असतो कारण त्याच्याकडे भांडवल नसतं, आणि भांडवल नसतं कारण तो गरीब असतो. मी उभा राहून विचारलं, "सर, मग जे देश यातून बाहेर पडले ते कुठल्या दाराने पडले?" ते म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही. खाली बस." मी बसलो नाही. बाहेर गेलो, तो परत आत गेलोच नाही. दार कुठलं ते मला अजून कळलेलं नाही; पण त्या दिवशी विचारलं ते बरोबर होतं असं मी मरतानाही म्हणेन.

~~कलम ४. माझ्या पत्र्याच्या पेटीतली परदेशी पत्रं, अकरा माझ्या पत्रांच्या प्रती आणि सात आलेली उत्तरं, कुमारी नीला वासुदेव बर्वे (या कोण ते कलम पाचमध्ये) यांना द्यावीत. कॉलेज सोडल्यावर मी अकरा देशांच्या वकिलातींना एकच प्रश्न लिहिला होता: तुमच्याकडे गरीब कोणाला म्हणतात, आणि तो गरीब राहू नये म्हणून तुम्ही काय केलंत? एका मोठ्या देशाने ट्रॅक्टरचं रंगीत कॅलेंडर पाठवलं. दुसऱ्या मोठ्या देशाने त्याहून मोठ्या ट्रॅक्टरचं. पण काही ठिकाणी माझं पत्र कोणीतरी खऱ्या माणसाच्या हातात दिलं. डेन्मार्कचे एक शाळामास्तर लिहितात, आजारी पडल्यावर ज्याला घर विकावं लागतं तो गरीब. जपानच्या एक बाई लिहितात, लढाईनंतर आम्ही सगळेच तसे होतो, त्यामुळे कोण गरीब ते कोणी विचारलंच नाही. घानाच्या एका टपालवाल्याने लिहिलं, ज्याच्या घरी पाहुणे यायचे थांबले तो. आणि मेक्सिकोच्या एका दाईने मलाच उलट विचारलं आहे: तुमच्याकडे कोणाला म्हणतात? तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे. ही पत्रं मी नीलाखेरीज कोणाला दाखवलेली नाहीत. वाचताना ती ओठ हलवते. ते बघण्यासाठी मी आणखी अकरा देशांना लिहायला तयार होतो. माझं जे काही चांगलं आहे ते सगळं तिचं आहे, तिला हवं असो वा नसो.~~

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. ही माझी जबानी आहे.

गेल्या वर्षी मी घरोघर पाहणी करणाऱ्या कचेरीत तपासनीस म्हणून लागलो. माझा नंबर चौदा. कुटुंब काय खातं हे चुलीवरचं भांडं स्वतः बघून तक्त्यात भरायचं, एवढं काम. त्या तक्त्यांवरून यादी होणार, आणि यादीतल्या घरांना मुलांसाठी दूध आणि पक्क्या घराची जागा मिळणार. मला के. आर. पुरमच्या रेल्वेरुळांपलीकडची, खडी फोडणाऱ्यांची बेचाळीस घरं दिली होती. मी सगळी मनापासून केली. एकही आकडा घरी बसून भरला नाही.

मग एके दिवशी आकडेमोडीच्या खोलीतून निरोप आला. तिथे नीला हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर बसते. तिने वर न बघता विचारलं, "चौदा नंबर तुम्हीच का?"

"मीच. का?"

"तुमच्या तक्त्यातली माणसं जेवतात फार."

"म्हणजे?"

"बारा नंबरने त्याच वस्तीची पलीकडची ओळ केली आहे. तिथे आंबील आणि मिरची. तुमच्या ओळीत भात, सार, कुठे कुठे तूप. मधे फक्त एक गटार आहे. गटाराच्या अलीकडे एवढी सुबत्ता कशी आली?"

"मी खोटं लिहीत नाही!"

"खोटं लिहिता असं मी कुठे म्हटलं? कसं आलं ते विचारते आहे. आणि ओरडू नका, माझी बेरीज चुकते."

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी, न कळवता, सकवारबाईच्या खोपटात गेलो. ती आपल्यासारखंच मराठी बोलते, कन्नड मिसळलेलं. तिच्या मुलाला जाऊन दोन वर्षं झाली, सून आणि दोन नातवंडं घेऊन राहते. पाहणीच्या वेळी मी आदल्या दिवशी जाऊन तिला सांगितलं होतं, "उद्या येतो हं, अक्का." सगळ्यांनाच तसं सांगत असे. जप्तीला आल्यासारखं अचानक दारात उभं राहणं मला उद्धटपणाचं वाटे. आणि दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसवायची, मीही बसायचो. नाही कसं म्हणायचं?

या वेळी मला दारात बघून ती ओशाळली. "अय्यो अण्णा, सांगून तर यायचं! आज काहीच केलं नाही."

"मग त्या दिवशीचा भात कुठला होता, अक्का?"

"रेशनवाल्याच्या बायकोकडून उसना आणला. घरी माणूस येतो, आपल्या बोलीतलं पोर, त्याला काय थंड चूल दाखवू?"

"आणि तूप?"

"ते शेजारच्या गौरम्माच्या घरचं. तुझं जेवण झालं तसं वाटी परत दिली."

पुढच्या काही आठवड्यांत मी आणखी नऊ घरी गेलो. सगळीकडे तेच. माझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे. मी भांड्यात भात बघितला, आणि भात होता. पण तो माझ्यासाठी शिजला होता. माझ्या बेचाळीस घरांपैकी एकही घर यादीत आलं नाही, कारण मी त्यांच्याकडे जेवलो.

मी अधीक्षकांकडे गेलो. ते म्हणाले, "तेव्हा खोटं बोललास की आता बोलतो आहेस?" मी शाईची दौत उचलून भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर फेकली. अटलांटिक महासागर अजून काळा आहे. नोकरी त्याच क्षणी गेली. त्यांचं ते बरोबर होतं. दौतीचं माझं चुकलं, ते कबूल करतो. पण जाताना ते एवढं म्हणाले, "लेखी जबानी आण. दोन साक्षीदार, त्यातला एक या कचेरीतला. मग फेरतपासणीचं बघू. यादी एकतीस ऑगस्टला बंद." त्यानंतर नीला सोडली तर कचेरीत मला कोणी ओळखही दाखवेना, सही तर लांबच. आणि दोन दिवसांत खडा असा उठला की मला उचलून इथे आणावं लागलं.

म्हणून ही जबानी मृत्युपत्रात घालतो. मरायला टेकलेल्या माणसाचं म्हणणं लोक जरा नीट ऐकतात, असा माझा अंदाज आहे.

कलम ६. माझे वडील गुंडूराव यांना मी काही देऊ शकत नाही, उलट त्यांनीच मला दिलेली एक गोष्ट मी वाया घालवली. लहानपणापासून ते सांगत आले, "माप घेतोय हे गिऱ्हाईकाला कळू देऊ नये रे. टेप दिसली की तो पोट आत घेतो, मग कोट बसत नाही. गप्पा मारायच्या, आणि हळूच." मला शिवणकामाची लाज वाटायची, म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही. काल त्यांना हे सगळं सांगितलं. ते माझ्या चादरीची उसवलेली शिवण चाचपत म्हणाले, "तू टेप आदल्या दिवशीच दाखवलीस की रे, पद्दू." बाबा, तुमची कात्री मला द्यायचं तुम्ही म्हणाला होतात. ती तुमच्याकडेच असू द्या. जगलो तर मागेन.

कलम ७. नीलाचे वडील वासुदेवराव हे पुण्याहून कारखान्यातल्या इंजिनियरच्या नोकरीवर इथे आले. नीलाने मला एकदा घरी नेलं तेव्हा त्यांनी, त्यांच्या कॉफीवर, माझ्याबद्दल म्हटलं होतं, "कॉलेज अर्धवट, भाषा अर्धवट, आणि डोकं मात्र पुरतं तापलेलं." माझ्या मृत्यूची बातमी त्यांना आमच्याच बोलीत द्यावी, एकही शब्द न बदलता. समजली नाही तर पुन्हा सांगावी. मी त्यांना माफ केलेलं नाही, पण त्यांची कॉफी चांगली होती.

दुरुस्ती, सोमवार दिनांक २४ ऑगस्ट.

बसवंतने काल सकाळी हे सगळं वाचलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, "गाढवा, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तू जगलास तर तुझी जबानी पेटीत पडून राहील आणि यादी बंद होईल." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून लिहितो: कलम पाच आज सही झाल्यापासून लागू आहे, मी मेलो तरी आणि जगलो तरी. ते पान वेगळं काढून कचेरीत द्यावं.

मग त्याने दुसरं काढलं. "कचेरीतला साक्षीदार कोण?"

"नीला. तिच्याशिवाय कोण सही करणार आहे?"

"ज्याला कागदात काही मिळतं, त्याची साक्ष कोणी मानत नाही. आमचे वकील तर असा कागद हातातही धरत नाहीत. तुझा अधीक्षक म्हणेल, प्रेमपत्राखाली प्रेयसीची सही."

मी त्याच्यावर ओरडलो. नर्सबाई आल्या. मग मी खूप वेळ विचार केला. शंभर वेळा वाचून बघितलं. तिने सही केली तर, जे तक्ते तिने स्वतः बेरीज करून पुढे पाठवले ते चुकीचे होते, असं तिच्या नावाने लिहिलं जाईल. तिची नोकरी अजून कच्ची आहे. तिने सही करावी असं मी तिला सांगू शकत नाही. एवढंच करू शकतो, की तिला करायची झाली तर माझं प्रेम तिच्या आड येऊ नये.

म्हणून कलम चार मी माझ्या हाताने खोडलं आहे. ते रद्द समजावं. कुमारी नीला वासुदेव बर्वे यांना मी काहीही देत नाही.

ठिकाण: खाट सतरा, बेंगळूर.

सही: पद्माकर गुंडूराव हंचाटे

साक्षीदार दुसरा: बसवंत. सही करणाऱ्याने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर आणि बऱ्याच आरडाओरड्यानंतर सही केली.

साक्षीदार पहिला: नीला वासुदेव बर्वे, गणनविभाग. सही करण्यापूर्वी पुढील गोष्ट नोंदवते. बसवंत काल दुपारी हा कागद घेऊन आले. तो वाचून मी लगेच, आधी न सांगता, के. आर. पुरमला गेले. सात घरं पाहिली. सकवारबाईंच्या चुलीत मांजर झोपलेलं होतं. त्यांनी मला बसायला पोतं दिलं आणि पाणी पुढे केलं. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या रागावल्या. म्हणाल्या, "तो अण्णा बरा होता, जेवून तरी जायचा." मला वाईट वाटलं, पण तक्ता बरोबर आला. यादी लागल्यावर मी तिथे पुन्हा जाईन आणि पाणी पिईन.

बेरीज माझी होती. त्यामुळे ही सहीही माझी. अधीक्षकांना पान उद्या सकाळी दहा वाजता मिळेल.

खोडलेलं कलम चार वाचता येतं. काही मिळत नाही, हे मला मान्य आहे. मात्र मेक्सिकोच्या दाईबाईंना उत्तर गेलं पाहिजे, आणि ते मला एकटीला लिहिता येणार नाही. तीन आठवड्यांनी मी ओठ न हलवता वाचायचा प्रयत्न करीन.

सही: नीला बर्वे
२४ ऑगस्ट १९६४