न हरवलेली जोडवी

१ डिसेंबर

तक्रार आधी नोंदवतो, म्हणजे मन मोकळं. घरमालकांनी किल्ल्या सहा दिल्या आणि घराला कुलपं चार. कारणावाचून कार्य नाही, असं मी संस्कृतच्या वर्गात अठ्ठावीस वर्षं शिकवलं. या दोन जादा किल्ल्यांनी पहिल्याच दिवशी मला खोटं पाडलं. फेकू नका, कधीतरी लागतील, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. अंबिकेच्या दर्शनात प्रत्येक वस्तू कधीतरी लागतेच.

बाकी पुंडलिकनगर पसंत आहे. तळमजला, मागे चार पावलांचं मातीचं अंगण, कोपऱ्यावर बरा चहा. नाशिकहून येताना एक पितळी डबा चेपला आणि माझी पाठ. मुलगी मनस्विनी इथंच नोकरीला. तिनं निवृत्तीची भेट म्हणून धातू शोधायचं यंत्र दिलंय: लांब दांडा, खाली ताटलीएवढं चक्र. जमिनीत धातू असला की टुंई करतं. बाबा घरात बसून आईला सतावणार, त्यापेक्षा लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधून देऊ देत, हा तिचा विचार. अंबिकेला तो पटलेला नाही. सापडलेलं सोनं चांगलं नसतं, म्हणाली. तिच्या शकुनांची थट्टा मी सव्वीस वर्षं करतोय, आणि तितकीच वर्षं ती ऐकून घेतेय. संसार असाच टिकतो.

७ डिसेंबर

पहिलं यश. वाळूजच्या कंपनीत काम करणारा शिवशंकर बजाजनगरच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता. बोलिंग टाकताना बोटातली लग्नाची अंगठी उडाली. बायको दोन दिवस बोलत नव्हती. मला आधी सोड्याची नऊ बुचं सापडली, एक बोल्ट, एक चपटा रुपया, मग अंगठी. त्यानं माझे पायच धरले. पैसे मी घेतले नाहीत. मग म्हणाला, गावाकडं आईचा डोरल्यातला सोन्याचा मणी कापूस वेचताना पडलाय, एवढं बघाच. पाठ नको म्हणत होती. पण कुणाला तरी आपली गरज आहे, हे निवृत्त माणसाला नाकारता येत नाही.

१४ डिसेंबर

देवगाव रंगारी. शिवशंकरचे वडील मुंजाबा, आई कस्तुराबाई. तीसेक मेंढरं, दोन एकर कापूस, थोडा गहू. मुंजाबांनी यंत्राकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, एवढं ओरडतंय, दूध किती देतं? मी म्हटलं, अजून भाकड आहे.

तीन तास पऱ्हाट्यांतून वाकून फिरलो. मणी नाही. बांधाजवळ मात्र यंत्र वेगळ्याच आवाजात बोललं, मऊ, ओलसर. वीतभर उकरलं तर चांदीच्या जोडव्यांचा जोड. कस्तुराबाईंनी हातात घेऊन पाहिला. डाव्या जोडव्याला तांब्याचा टाका होता. विंचू चावून पाय सुजला तेव्हा सोनारानं त्यांचं जोडवं कापलं होतं, नंतर सांधलं, तो टाका.

"ही माझीच हायेत की," त्या म्हणाल्या. मग खाली पाहिलं. त्यांची जोडवी त्यांच्या पायांत होती, टाक्यासकट.

मुंजाबा म्हणाले, "चार पायांची झालीस. आता जा मेंढरात चरायला."

"तुमच्या राखणीत दुसरं काय करतेय मी?" बाई म्हणाल्या.

सगळे हसलो. मुंजाबांनी तो जोड माझ्याच हातावर ठेवला. मजुरी समजा म्हणाले. सोन्याचा मणी संध्याकाळी बाईंच्या लुगड्याच्या घडीत निघाला. घरी आल्यावर चांदीचं अंबिकेला सांगितलं नाही. उगाच शकुन काढत बसली असती.

२३ डिसेंबर

शिवशंकरचा फोन. काल सकाळी मुंजाबा गव्हाला पाणी देत होते. मोटारीच्या पेटीचा शॉक लागला. जागच्या जागी.

चेपलेल्या डब्यात लपवलेली जोडवी काढून पाहिली, परत ठेवली. काय म्हणून पाहिली, सांगता येणार नाही.

४ जानेवारी

दिवसकार्य आटोपल्यावर भेटायला गेलो. कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय मोकळे, बोटांवर, जोडवी होती तिथं, पांढरे वळ.

शिवशंकरनं सांगितलं ते सांगितलं तसं लिहितो. त्या दिवशी बायकांनी आईची जोडवी उतरवून फडक्यात गाठ मारून खुंटीला टांगली. काल गाठ सोडली. गाठ जशीच्या तशी, आत काही नाही. घरातल्या सगळ्यांचा एकमेकांवर संशय घेऊन झाला.

मी खिशातला जोड त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी टाक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग मान वर न करता विचारलं,

"गुर्जी, तुमी हे उकरलं नसतं तर?"

अठ्ठावीस वर्षं कार्यकारणभाव शिकवणाऱ्या माणसानं जोड नुसताच त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. मी तो बांधाजवळ पुन्हा पुरून आलो. फार दमलोय. अंबिकेला एवढंच सांगितलं की भेटून आलो, भूक नाही.

८ जानेवारी

यंत्र मनस्विनीला परत द्यायचं ठरवलं. मागच्या अंगणात बॅटरी काढत होतो, खटका दाबला गेला. चक्र धुण्याच्या दगडापासून दोन हातांवर टेकलं होतं.

तोच मऊ आवाज.

उकरलं नाही. उकरणार नाही. कुणाचा पाय पडू नये म्हणून जागेवर एक वीट ठेवली. अंबिकेला सांगायला हवं होतं, पण सव्वीस वर्षांची थट्टा एका वाक्यात कशी मागे घ्यायची?

१० जानेवारी

वीट जागेवर आहे. दोन दिवस झाले, काही घडलेलं नाही. म्हणजे उकरण्यातच आहे जे काय आहे ते. जरा श्वास आला.

अंबिका आठ दिवस कढीपत्त्यासाठी खड्डा मागतेय. पाठ दुखते म्हणून टाळतोय. दुखतेच.

१२ जानेवारी

बाजारातून आलो. ती मागे उकिडवी बसलेली, हातात खुरपं. वीट बाजूला. मी कढीपत्त्याची जागा आखून ठेवली असं तिला वाटलं. तुमच्या पाठीला कशाला त्रास, म्हणाली. तुम्हाला न सांगता मीच खणला बघा.

आणि तळहात पुढं केला.

तीन वेढ्यांची जोडवी. आतल्या बाजूला सोनाराचा शिक्का, उलटा उमटलेला. आमच्या लग्नातल्या सोनारानं असाच उलटा मारला होता. तिला हसू आलं; म्हणाली, म्हणजे त्यानं फसवलेली मी एकटीच नाही.

तिची तिच्या पायांत होती. माती लागलेली.

१३ जानेवारी

तिची नजर चुकवून जोड परत पुरला. वर कढीपत्ता लावला. रोप वाकडं लागलं, तिनं सरळ केलं —

१४ जानेवारी

संक्रांत. डाव्या खांद्यातून कळ. मनस्विनी डॉक्टरकडं घेऊन गेली. कागदावरच्या रेघा ठीक आहेत म्हणे. विश्रांती घ्या. तिळगूळ खाऊ नका असं म्हणाले नाहीत, तेवढं बरं.

पायांतली जोडवी काढून ठेव असं तिला सांगू का? कारण विचारेल. आणि कारण सांगितलं तरी काढणार नाही. माझ्यासाठीच घालते ती —

१६ जानेवारी, सकाळ

कळ पुन्हा. जास्त.

अंबिका शेजारी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेलीय. दहा मिनिटांत येईल.

मरणाची भीती नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण खरी भीती ती नव्हे. बायका तिची जोडवी उतरवतील, गाठ मारतील, गाठ रिकामी निघेल. इथवर ठीक. चोरी झाली समजेल, रडेल, विसरेल. खड्ड्याचं तिच्या मनातही यायचं नाही. कस्तुराबाईंनी विचारलं ते तिला ठाऊक नाही. ते फक्त या वहीत आहे.

माझी पाठ दुखू नये म्हणून खणलं तिनं. आणि ही वही वाचली तर पुढं जन्मभर तोच प्रश्न स्वतःला विचारत बसेल. ते मला सोसवणार नाही, मेल्यावरही.

वही जाळायला हवी. आधीच उठायला हवं होतं. सवय वाईट, आधी लिहितो, मग उठतो. काडेपेटी स्वयंपाकघरात — फाटक वाजलं — ती —

अंबिके, पुढचं वाचू न