कापूस घातल्यावर

प्रिय ढापण्या,

गाडीचा डावा आरसा दोनदा बदलला, डाव्या दरवाजाचा पोचा काढला आणि शेजाऱ्याशी त्याच्या फाटकावरून अबोला धरला. एवढी किंमत मोजून तुझा मेकॅनिक दादा शेवटी डोळे दाखवायला गेला. तुझ्या चष्म्याला हसताना मी मिरवायचो, की पन्नाशी उलटली तरी माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

तिथे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. एक डोळा झाकून नजर मध्यावर ठेवायची, आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मोठं मजेशीर यंत्र! दिवा लागण्याआधी आतली मोटर किंचित कुरकुरते. मी आपला दाबत सुटलो.

तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, दिवा लागायच्या आधीच दाबताय!"

"अगं, तो येताना ऐकू येतो ना!"

"कान शेजारच्या खोलीत तपासतात," म्हणत तिने माझ्या कानांत कापूस कोंबला आणि पुन्हा सुरुवात केली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, काचबिंदू आहे. चाळिशीनंतर तो गुपचूप येतो, सख्ख्या भावंडांनाही गाठू शकतो. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब घातले तर उरलेली टिकवता येते. हे पत्र मी टाकणार नाही. तू ते घरभर वाचून दाखवशील. उद्या स्वतःच येतो आणि तुला तपासायला नेतो. गाडी तू चालव.

कापूस घातल्यावर डाव्या डोळ्याला कडेचा एकही दिवा दिसला नाही.

तुझा,
दादा