मागच्या अंगणातील झुडपाची व्यवस्था

मी, पाल्याचे औषध देणारा, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायको हयात असती तर तिने त्याला हरकत घेतली असती.

१. राहते घर थोरल्या मुलास. गळके छप्पर 'पुढच्या महिन्यात बघतो' असे तो सात वर्षे म्हणतो आहे. आता त्याच्याच उशीवर गळेल.

२. दगडी खल सूनबाईस. त्यात मिरच्या कुटू नयेत. ती कुटणारच, पण सांगायचे काम मी केले.

३. समोरच्या औषध दुकानदारास काहीही देऊ नये. माझ्या लेपाला त्याने चारचौघांत 'हिरवा चिखल' म्हटले. स्वतःच्या मानेवरचे गळू घेऊन मात्र तो मागच्या दाराने आला होता. हे सर्वांस सांगण्यास माझी पूर्ण संमती आहे.

४. मागच्या अंगणातील झुडूप धाकट्या लेकीस. याचे कारण लिहिणे भाग आहे.

लेक प्रयोगशाळेत काम करते. सहा वर्षांपूर्वी म्हणाली, "बाबा, जखमेवर लावता तो पाला द्या ना. जंतू मरतात का बघते." मी म्हटले, "तुला कशाला त्रास? वाळवून, कुटूनच देतो." पान आधी जाणकाराकडून ओळखून घ्यायचे, असा तिथला नियम. बापाने दिले म्हणून तिने तेवढा पाळला नाही. काचेच्या बशीत जंतू वाढवून तिने त्यावर अर्क घातला; जंतू मजेत राहिले. अहवाल आला, 'परिणाम नाही.' तिचे साहेब हसले, पुढचे काम बंद पडले. मी मात्र 'यंत्रांना काय कळतंय!' म्हणत मिशीला पीळ देत फिरलो.

त्या पुडीत कुंपणाचा पाला होता. गुपित राखायचे म्हणून नव्हे. या झुडपाचा खरा पाला नापास झाला, तर पन्नास वर्षे मी लोकांना काय फासत होतो, या विचाराने माझी पाचावर धारण बसली.

पोरी, तुझा अहवाल खरा होता. तुझी माफी मागायची आहे, पण तोंडावर मागण्याइतका मी धीट नाही. आता पान स्वतः तोड, ओळखून घे आणि पुन्हा तपास. जंतू मेले तर तसे लिही. नाही मेले, तरी तसेच लिही, आणि माझ्या दुकानाची पाटी तूच उतरव. दुसऱ्या कोणी उतरवलेली मला सोसणार नाही.

सही: पालाबुवा

साक्षीदार: वरच्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापिका (शुद्धलेखन तपासले).
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही केली; 'माझ्या बोटाला कोणता पाला लावला होता?' असा खुलासा त्यांनी मागितला आहे).

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: ९ मार्च