सुमेधचं मडकं

४ मे
कामाच्या गावी, रुआबांध्यात खोली भेटली! मागं आंगण, खिडकीत कूलर. घरमालकीण कलावतीकाकू निघाल्या आपल्याकडच्या, तुमसरच्या. मी भाड्यासाठी इथल्या हिंदीत घासाघीस करून राहिलो, त्या मराठीत हासल्या. नाव विचारलं, भैयालाल सांगितलं, तर आणखी हासल्या. म्हणे हे तर म्हाताऱ्याचं नाव, तू तर पोट्टा आहेस. आमगाव सोडल्यापासून पहिल्यांदा कोणी मले जेवला का म्हणून विचारलं.

अट एकच. कोपऱ्यातलं मडकं रोज आपल्या हातानं भरायचं अन् म्हणायचं, सुमेध, पाणी घे. सुमेध त्यायचा पोरगा. लू लागून, उन्हाच्या झळेनं, याच खोलीत गेला, पाणी मागत मागत. घरात द्यायले कोणी नव्हतं. मी म्हटलं, भरतो ना काकू, त्यात काय.

९ मे
कारखान्यात रातपाळी आहे, दिवसा झोप येत नाही, म्हणून माह्या इलेक्ट्रॉनिक्सचा डबा काढला. शाळा आठवीतच सुटली, पण मोबाईलवर पाहून पाहून सस्त्या आर्डुइनो बोर्डावर, म्हणजे प्रोग्राम टाकायच्या सर्किटावर, बत्ती, घंटी सगळं जमवतो. आता ओल मोजायचा सेन्सर आणला. दोन पाय असतात त्याले. पाण्यात बुडवला तर डिस्प्लेवर शंभर, हवेत शून्य. काकडीत टोचला, ऐंशी. बोटांत धरला, चाळीस. माणसातही पाणी असतेच ना. संगं काम करणाऱ्या गोलूचे पस्तीसच आले. मी म्हटलं, तुह्यात पाणीच नाही बे. तो म्हणे, आठवी फेल इंजिनेर, आपल्या अक्कलेत टोचून पाह्य.

१३ मे
काकू भाचीच्या लग्नाले तुमसरले गेल्या. पाळी करून आलं की मडकं भरायचा कंटाळा येते. म्हणून सेन्सर मडक्यात सोडला, छोटा पंप बाजूच्या पाण्याच्या ड्रममध्ये. पाणी उतरलं की बोर्ड आपोआप पंप चालू करते. हात लावायचं काम नाही, नाव घ्यायचं काम नाही. काकूचा फोन आला, हातानंच भरून राहिला ना म्हणून. म्हटलं, हो.

१७ मे
दुपारभर पंप थांबलाच नाही. ड्रम रिकामा. मडकं फुटलं नाही, फरशी कोरडी ठणठणीत. हातानं भरत होतो तेव्हा बोटभर कमी होत होतं, बस. गोलू म्हणे सेन्सरले जंग लागला असन, बदलव. बदलवला. तेच. आता पंप चालू झाला की मडक्यातून घोट घेतल्यासारखा आवाज येते.

२० मे
वायरी तोडल्या. हातानं भरलं, नाव घेतलं, माफी मागितली. मडक्यातलं पाणी आता हालतही नाही. पण माह्ये ओठ फाटले. बकेटभर पाणी प्यालो. तहान जशीच्या तशी. सेन्सर बोटांत धरला — वीस.

२१ मे
गोलूकडे बोरसीले पळालो. तहान संगं आली. डॉक्टरनं सलाईन लावली, बाटली पाहता पाहता संपली. सेन्सरचा आकडा अकरा. गोलूनं एकही टोमणा मारला नाही.

काकूले फोनवर खरं सांगितलं. वाटलं शिव्या देतील.  तर म्हणे, त्याले पाणी नव्हतं पाहिजे, देणारं माणूस पाहिजे होतं. मशीनपाशी माणूस दिसला नाही, म्हणून तो तुह्यात शिरला. खोलीवर परत जा अन् तिथंच थांब म्हणे. त्या येऊन आपल्या हातानं पाणी देतील, मग तहान उतरन.

पण काकूचा आवाज इतका खुश काहून होता, काय माहीत —

२३ मे
सेन्सर मनगटाले टेपनं बांधला. शून्य. बोलता येत नाही. जीभ — लाकूड.

फाटक वाजलं. काकू —

गिलास भरला. माह्याजवळ बसल्या. कोपऱ्याकडे पाहतच नाहीत. गिलास माह्या तोंडाले लावला. म्हणे, सुमेध, पाणी घे बेटा.

गार आहे. उतरून राहिलं. आकडा दहा — तीस —

डोक्यावरून हात फिरवून राहिल्या. जेवला का म्हणे, सुमेध.

मान हलली. मी नाही हलवली.

काकू, मी — म्हाताऱ्याचं नाव — तुमी हासल्या होत्या — आमगावचा — भै