बाद जीपमधील इसमास मोकळे करणेबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे खडकमाळ,
जि. हिंगोली.

अर्जदार : ओमप्रकाश वसराम आडे, बी.ए. (मराठी), रा. खालचा तांडा, मौजे साखरा, ता. सेनगाव.

विषय : पोलीस दलातून बाद होऊन लिलावात विकलेल्या जीपमध्ये बसून राहिलेले माझे वडील यांस तोंडी मोकळे करणेबाबत.

संदर्भ : दि. १२ जानेवारी २००४ रोजी ठाण्याच्या आवारात वडिलांनी आपणांस विचारलेला प्रश्न.

महोदय,

त्या प्रश्नानंतर आवारात जी शांतता पसरली, ती माझ्यापुरती अद्याप उठलेली नाही. जीपचे इंजिन मी नुकतेच बंद केले होते. तापलेले लोखंड निवताना करते तेवढाच टकटक आवाज येत होता. वडील हात जोडून उभे होते. "साहेब, मी आता जाऊ का?" इतकेच त्यांनी विचारले होते. आपण माझ्याकडे पाहिले, रायटर साहेबांनी आपल्याकडे पाहिले, आणि प्रश्न आपणा सर्वांच्या मध्ये उन्हात उभा राहिला. आपण "लेखी अर्ज द्या" असे मला सांगून आत गेलात. त्यानुसार हा अर्ज सविनय सादर करीत आहे.

१. सन १९९६ च्या हिवाळ्यात, हा भाग परभणी जिल्ह्यात असताना, शेजारच्या शिवारातील विहिरीवरून पाण्याची मोटार चोरीस गेली. चोरी कोठेही झाली तरी तपासाची पहिली वाट तांड्याकडे वळते, हे आपणांस मी सांगावे असे नाही. वडील श्री. वसराम आडे यांना ठाण्याच्या जीपमधून नेण्यात आले, रात्रभर बसवून ठेवण्यात आले व सकाळी त्याच जीपने तांड्याच्या तोंडाशी, लिंबाखाली आणून उतरवण्यात आले. तत्कालीन फौजदार साहेब गाडीतूनच म्हणाले, "ही गाडी परत येईपर्यंत तांडा सोडायचा नाही." पुढे ती मोटार मालकाच्याच मेहुण्याच्या शेतात सापडली व प्रकरण मिटले. गाडी मात्र आली नाही. जे संपले ते संपले, हे वडिलांना सांगण्याची गरज कोणासही वाटली नाही.

२. आमच्या तांड्यात नाईकाने एखाद्यावर बंदी घातली, तर ती नाईकानेच चारचौघांत तोंडाने उठवावी लागते. नाईक वारल्यास त्याच्या जागी बसलेल्याने उठवावी लागते. तेथे कागद चालत नाही, तिऱ्हाइताचा शब्दही चालत नाही. वडिलांनी फौजदार साहेबांचा हुकूम याच रीतीने पाळला. माझी बहीण मिना हिला जवळा बाजार येथे दिली आहे. लग्न तांड्यातच लागले. पण तिच्या सासरचा उंबरा वडिलांनी आजतागायत पाहिलेला नाही. तिच्या लेकरांच्या लेखी आजोबा म्हणजे तांड्याच्या हद्दीवरच्या ओढ्याच्या अलीकडे थांबून हात हलवणारा माणूस. माझी आई रूपाबाई म्हणते, "पोलिसानं एक रात ठिवलं. तुमी सोताला इतके साल ठिवलं. आता मोठा फौजदार कोण म्हणावं?" यावर वडील हसत, ओढ्यापर्यंत जात आणि परत येत.

३. मी पदवीधर असून मला नोकरी नाही. साखरा ते सेनगाव प्रवासी वाहतूक करावी या हेतूने गतवर्षी लिलावात एक बाद पोलीस जीप घेतली व घरासमोर दगडांवर चढवून तिची दुरुस्ती सुरू केली. पाटे बदलले, नोझल साफ करून आणले, सेल्फ बांधून घेतला, कुजलेल्या तळाला नवा पत्रा जोडला. जुना रंग घासून, लांबी भरून, पांढरा रंग दिला. परंतु दारावरील "पोलीस" ही अक्षरे रंगाचा दुसरा हात दिल्यावरही सकाळच्या तिरप्या उन्हात वर येतात. काही शब्द लोखंडात इतके खोल मुरतात की पुसणाऱ्याचा हातच झिजतो. छतावरचा दिवा काढला, तेथे भोक राहिले आहे. त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर मागच्या बाकावर सरकत असतो, जणू काही हरवलेले शोधीत आहे.

४. त्याच बाकाखाली बेडी अडकवण्याची एक लोखंडी कडी आहे. मला सर्व जीपा सारख्या. वडिलांनी मात्र त्या कडीला हात लावला आणि गाडी ओळखली. गाडी आपल्याला न्यायला आली असे समजून घरात जाऊन धुतलेले धोतर नेसले, घोंगडी व भाकरी बांधून घेतली आणि येऊन बाकावर बसले. "काहून इतका उशीर केला रे गाडीनं?" एवढेच म्हणाले. तेव्हापासून त्यांचे जेवण तेथे, झोप तेथे. मी खाली आडवा पडून ग्रीस भरतो, तेव्हा वर बाक करकरतो. ते कूस बदलत असतात. शेजारचा थावरा येता-जाता विचारी, "दादा, सवारी कवा निघून राहिली?" आई म्हणे, "लेकीच्या घरी गेले न्हाई, अन् सरकारच्या गाडीत संसार मांडून बसले." आता थावरा विचारीत नाही, आईही बोलत नाही. पौषाची थंडी छताच्या भोकातून उतरते व वडिलांच्या छातीत बसते. खोकला वाढल्याने त्यांना दवाखान्यात न्यावे म्हणून मी जीप काढली, ओढ्याशी येताच ते म्हणाले, "पहिले ठाण्यात."

५. म्हणून मी त्यांना आपल्याकडे आणले. रायटर साहेबांनी विचारले, "यानं काय केलं?" काही नाही, असे मी म्हणालो. "मग आणला काहून?" सोडवण्यासाठी, असे मी म्हणालो. त्यांनी जुनी नोंद शोधण्याची तसदी घेतली, त्याबद्दल आभारी आहे. नोंद नाही. "अटकच न्हाई तर सोडायचं कशातून? अन् ते साल परभणीचं. हिंगोलीचा साहेब परभणीचा माणूस कसा सोडील?" त्यांचे म्हणणे नियमाने बरोबर असेल. तत्कालीन फौजदार साहेब हयात नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळले. तेव्हा आमच्या रीतीने तो शब्द आता आपल्या खुर्चीकडे आला आहे. वडिलांनी आपणांसच का विचारले, त्याचे कारण हे आहे. त्या दिवशी ते त्याच बाकावर बसून तांड्यावर परत आले, दवाखाना राहिला.

६. सबब विनंती, की आपण एकदा तांड्यावर यावे व लिंबाखाली उभे राहून "वसराम, जा" एवढे दोन शब्द उच्चारावेत. वाहन उपलब्ध नसल्यास मी हीच जीप घेऊन येईन. हे शक्य नसल्यास वडिलांना रीतसर अटक करावी, म्हणजे त्यांना सोडता तरी येईल. कोणताही किरकोळ गुन्हा चालेल, जामीन मी राहीन. तेही नियमात बसत नसल्यास सदर जीप आतील इसमासह परत जमा करून घ्यावी. माझी तक्रार राहणार नाही.

७. एक बाब लपवणे उचित वाटत नाही. काल मागच्या बाकाची गादी उसवताना आतून एक जुनी खाकी टोपी निघाली. संध्याकाळी ती डोक्यावर घालून मी वडिलांसमोर उभा राहिलो आणि शक्य तितक्या जाड आवाजात म्हणालो, "वसराम, तुला सोडलं. मिनाच्या घरी जा." पोलीस असल्याची बतावणी करणे हा गुन्हा आहे, याची मला जाणीव आहे. वडील खाली उतरले. त्यांचे पाय जमिनीला लागले तेव्हा, महोदय, क्षणभर मला जवळा बाजारचा रस्ता दिसला. त्यांनी टोपीकडे पाहिले, मग माझ्या ग्रीसने माखलेल्या चपलांकडे. हात उंचावून टोपी माझ्या डोक्यावरून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुढे जाऊन बोनटवर नीट ठेवली. ज्याची आहे तो येणारच आहे, अशा बेताने. मी विचारले, "बापू, माझ्या शब्दानं न्हाई का भागणार?" त्यांनी ओढ्याकडे पाहिले. मग वळले आणि मागच्या बाकाकडे चालत गेले.

आपल्या दोन शब्दांच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार,

(ओमप्रकाश वसराम आडे)
दि. १९ जानेवारी २००४

सोबत :
लिलावातील खरेदीच्या पावतीची छायांकित प्रत.
खाकी टोपी, नग एक, परत.