दोघांचेही खरे

४ मार्च

चि. शाईबुडव्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझ्या कादंबरीचे सहावे प्रकरण वाचले. बापाचे घड्याळदुरुस्तीचे दुकान विकावे की राखावे, यावरून दोघी बहिणी पानेच्या पाने भांडतात आणि मी ती जांभया देत वाचली. बाबा रे, आवाज चढला म्हणजे संघर्ष चढत नाही. थोरली सोशीक, धाकटी लोभी, हे तू आधीच ठरवून टाकलेस. मग वाचकाने जीव टांगणीला लावावा कशासाठी? धाकटीला असे कारण दे, की ते थोरलीलाही मनातून पटावे. दोघींचेही खरे असावे आणि दोघींचेही होणे शक्य नसावे. पान उलटताना हात तेव्हाच अडखळतो. जन्मभर इतरांची मुद्रिते तपासून मला एवढेच कळले.

डोकेदुखीबद्दल डॉक्टर काय म्हणाले? हवापाण्यावर परिच्छेद खर्चून ते टाळू नकोस.
लोभ वाढवावा.
दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.
कारण सापडले. दुकानातल्या मेजावर वाकून वाकून बापाची दृष्टी गेली आणि आता थोरलीचीही अधू होत चालली आहे, म्हणून धाकटीला दुकान विकायचे आहे. थोरलीला मात्र ते काम सोडले तर जगायला काही उरत नाही. आता दे जांभई.

डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. काढली तर काही वर्षे मिळतील. पण ती भाषेच्या जागेला खेटून आहे, शब्द जातील असे डॉक्टर म्हणतात. नाही काढली तर थोडे महिने. मी ऑपरेशनला नको म्हणालो. तीन प्रकरणे राहिली आहेत. ही म्हणाली, भाऊजींना कळवते, तेच तुमचा कान पिळतील. म्हणून मीच आधी कान पुढे केला.
रागावलास तरी लोभ कमी करू नये.
तुझा धाकटा

२४ मार्च

चि. शाईबुडव्यास आशीर्वाद.
शस्त्रक्रिया करून घे. ही विनंती नाही. शब्द गेले तर मी शिकवीन. पाटीवर पहिली अक्षरे तुझ्याकडून कोणी गिरवून घेतली होती? कादंबऱ्या पुष्कळ आहेत, भाऊ मला एकच आहे.

सातवे प्रकरण आज पोहोचले. पाकीट फोडलेले नाही. तू रुग्णालयात दाखल होईपर्यंत तुझी एक ओळही वाचणार नाही.
लोभ आहे म्हणूनच हे लिहिले.
दादा

२ एप्रिल

ती. दादास सा. न.
तुझे खरे आहे. पण तू शिकवशील तो तुझा भाऊ असेल, दादा. मी असेनच असे नाही. तुला मी उरायला हवा आहे, मला हे पुरे करायचे आहे. दोन्ही होणार नाही.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. काल ‘खिडकी’ हा शब्द आठवेना; समोर बोट दाखवले, तेव्हा हिने सांगितला. पाकीट फोडू नकोस हवे तर. पुढचे मात्र लिहितोच आहे.
लोभ असू द्यावा.
तुझा धाकटा

७ एप्रिल

चि. शाईबुडव्यास आशीर्वाद.
तुझे पत्र वाचले आणि पाकीट फोडले. धाकटी दुकान विकत घेणारे गिऱ्हाईक घेऊन येते, पण त्याला दाराबाहेरच थांबवून आत शिरते आणि थोरलीच्या मेजावरचा दिवा तिच्या हाताजवळ सरकवते. ते वाचताना मी उभा होतो, हे नंतर ध्यानात आले.

तू चुकतो आहेस, असे मला अजूनही वाटते, मरेपर्यंत वाटेल. सौ.ला सांग की दादाने पिळलेला कान सोडला. तिला माझ्यावर चिडू दे.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे, राहायलाच. तू सांगत जा, मी लिहून घेईन. एखादा शब्द अडला तर थांबेन. तू मागितल्यावाचून माझा शब्द घालणार नाही.
भेटीपर्यंत लोभ जपून ठेवावा.
दादा